डॉलर वितळले, रुपये झाले

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला नाणे म्हणजे विनिमयाचे साधन, एवढेच शिकवले जाते. अमेरिकेतला नाणेसंग्राहक मात्र आधी नाण्यावरचे साल पाहतो, मग टांकसाळीची खूण, आणि शेवटी नाणे किती झिजले आहे ते. १८९३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीत मॉर्गन डॉलर अवघे एक लाख पाडले गेले. त्यातला एखादा झिजलेला डॉलरही आज हजारो डॉलरना जातो. अशा सालाला ते लोक 'की-डेट' म्हणतात. आपण दुर्मीळ साल म्हणू. नाण्याची प्रतवारी १ ते ७० अशा अंकांनी होते. विल्यम शेल्डन यांनी ही मोजपट्टी १९४९ साली तांब्याच्या सेंटसाठी बसवली. पुढे १९८६च्या सुमारास खाजगी कंपन्या नाणे तपासून, प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करून, वर अंक छापून देऊ लागल्या. गुळाची नि कापसाची प्रतवारी करणाऱ्या आपल्या बाजाराला याचे नवल वाटू नये.

हे श्रीमंतांचे चोचले म्हणून सोडून देता आले असते. पण या डॉलरांचे आपल्याशी नाते आहे, आणि ते फार थोड्यांना ठाऊक आहे.

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून माल भराभर बाहेर जात होता. त्याचे पैसे लोकांना चांदीच्या रुपयांत हवे असत आणि हाती आलेला रुपया घरातच दडून बसे. नोट पुढे केली की सरकारने रुपया मोजून द्यायचा, असा नियम. १९१७ साली एक रुपयाची नोट निघाली ती या टंचाईपोटीच. १९१८ साली तर सरकारी चांदीने तळ गाठला. तेव्हा एप्रिलमध्ये अमेरिकेने पिटमन कायदा करून आपल्या तिजोरीतले डॉलर वितळवायला काढले. एकूण २७ कोटींवर डॉलर वितळले. त्यांपैकी सुमारे २५ कोटी ९० लाखांची चांदी हिंदुस्थानासाठी ब्रिटनला विकली गेली. मी हिशेब करून पाहिला. डॉलरात शुद्ध चांदी २४.०६ ग्रॅम, रुपयात १०.६९, म्हणजे एका डॉलरात सव्वादोन रुपये, आणि सगळी मिळून ५८ कोटी रुपये पाडण्याइतकी चांदी!

कोणत्या सालाचे किती डॉलर वितळले याची नोंद कोणी ठेवली नाही. त्यामुळे मूळ किती पाडले होते या आकड्यावर तिकडचा संग्राहक विसंबू शकत नाही. त्याच्या दुर्मीळतेत आपल्या रुपयाचाही हात आहे म्हणायचा.

आणि आपण काय करतो? चलथाणला साखर कारखान्याच्या हंगामात डांग-नंदुरबारकडून ऊसतोडीला माणसे येतात. काही वयस्क बायकांच्या गळ्यात अजून रुपयांची माळ दिसते. अडीअडचणीला ती सराफाकडे जाते. तो तराजूत टाकतो, घट धरतो, पैसे देतो. साल वाचतो कोण? १९११चा पंचम जॉर्जचा रुपया त्यात असला तरी तो त्याच भावात मुशीत जातो. त्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि बहुतेक नाणी सरकारनेच परत घेऊन वितळवली. उरलेली थोडी. विकणारीला दुप्पट-तिप्पट पैसे मिळायचे ते वजनात बुडतात, आणि तिला ते कळतही नाही. वाणिज्याच्या विद्यार्थ्यांनी याला निव्वळ हौसेची गोष्ट समजू नये, असे मला वाटते. (मराठीत नाणे, आमच्या कन्नड विभागातल्या मित्रांचे 'नाण्य', शब्द एकाच घरचा, आणि मोडीत घालण्याची रीतही.)

मात्र त्या डबीतल्या अंकाची पूजा मला मान्य नाही. माळेतल्या रुपयाला कडी डाखलेली असते. प्रतवारी करणारा अशा नाण्याला अंकच देत नाही, 'खराब केलेले' असा शेरा मारतो. मला तर न वापरलेल्या चकचकीत नाण्यापेक्षा तो रुपया अधिक बोलका वाटतो. शिवाय शंभर वर्षांवरचे नाणे खाजगी माणसाला परदेशी पाठवायला १९७२च्या पुरावस्तू कायद्याने बंदी आहे. १९१८चा रुपया आता त्यात बसतो. तेव्हा अमेरिकेकडे डोळे लावण्याचे कारण नाही. घरातला रुपया उजेडात धरावा, साल वाचावे, सालाखालच्या फुलाजवळ मुंबई टांकसाळीचे बारीक टिंब आहे का पाहावे. १९१८ किंवा १९१९ निघाले, तर त्यातली चांदी कधीकाळी अमेरिकेच्या तिजोरीत डॉलर म्हणून पडून असण्याचा चांगलाच संभव आहे.