पश्चिमेची भिंत

मुंबईत सुखद वारा पश्चिमेकडून, समुद्रावरून येतो आणि मावळतीचे रखरखीत ऊन व आषाढातील झोडपणारा पाऊस हेही तिकडूनच येतात, हा पेच जुन्या बंगल्यांनी खोल्यांभोवती व्हरांडा फिरवून सोडविला होता. त्याच युक्तीचा आधार घेऊन वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी कंबाला हिलवर ‘कांचनजंगा’ ही १९८३ साली पूर्ण झालेली २८ मजली इमारत रचली. तिच्या कोपऱ्यांत दोन मजले उंचीच्या, आत खोल शिरलेल्या गच्च्या ऊनपाऊस स्वतःच्या अंगावर घेतात आणि मागच्या खोल्यांस छाया व वारा देतात. ती धनिकांची वास्तू होती खरी. परंतु अंगणाच्या रूपाने तीच दृष्टी त्यांनी बेलापूरच्या बेताच्या उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी रचलेल्या वसाहतीतही योजिली.

आज मात्र ज्या काचेच्या इमारतींस आपण आधुनिक अभिरुचीचे लक्षण मानतो, त्यांच्या पश्चिमेच्या कचेऱ्यांत दुपारी तीन वाजता पडदे ओढलेले, दिवे लागलेले आणि वातानुकूलन यंत्र अखंड चालू असलेले दिसते, कारण काचेतून शिरलेली उष्णता आतच कोंडते व खिडकी उघडण्याची सोयच नसते. ज्या शहरात सूर्यप्रकाश विपुल आहे, तेथे भरदिवसा विजेचे दिवे जाळणे मला अक्षम्य वाटते. महापालिकेच्या दफ्तरी नकाशास मंजुरी मिळण्यापूर्वी पश्चिमेच्या भिंतीस सावलीची काय तजवीज केली आहे, याचा जाब विकासकास लेखी द्यावा लागला पाहिजे.