हिरडीवरील गाठ : क्षारापूर्वी निदान

हिरडीवर वाटाण्याएवढी गाठ घेऊन रुग्ण आला, की आपल्यापैकी अनेकांच्या लेखणीतून ‘अधिमांस’ हा शब्द सहज उतरतो. आमच्याही उतरला आहे. कोळगाव येथे व्यवसाय करताना एका तरुणीच्या वरच्या पुढील दोन दातांमधील अशी गाठ आम्ही क्षारप्रतिसारणाने नाहीशी केली. काही महिन्यांनी ती त्याच जागी पुन्हा उगवली. ती मुळात कशाची होती, हे सांगणारा तिचा कणभरही अंश आमच्याजवळ उरला नव्हता. ही चूक येथे मांडण्याचे कारण एवढेच, की ती आमच्या एकट्याची नसावी.

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या १६ व्या अध्यायात वर्णिलेले अधिमांस म्हणजे हनूच्या शेवटच्या दाताशी होणारा मोठा शोथ. तीव्र वेदना व लालास्राव ही त्याची लक्षणे. अक्कलदाढेवरील हिरडीच्या सुजेशी त्याचे साम्य आहे. पुढील दातांमधून सावकाश वाढणारी, बहुधा न दुखणारी व न पिकणारी गाठ या वर्णनात बसत नाही. तिचा विचार ग्रंथी व अर्बुद यांच्या अंगानेच करावयास हवा.

आधुनिक दंतशास्त्र अशा गाठींचे प्रामुख्याने चार प्रकार मानते : तंतुमय फायब्रोमा, सहज रक्तस्राव होणारा पायोजेनिक ग्रॅन्युलोमा, जो गर्भिणींतही आढळतो व प्रसूतीनंतर पुष्कळदा ओसरतो, निळसर झाकेचा पेरिफेरल जायंट सेल ग्रॅन्युलोमा, आणि आत अस्थिसदृश कण निर्माण होणारा पेरिफेरल ऑसिफाइंग फायब्रोमा, जो विशेषतः किशोरवयीन व तरुण स्त्रियांत दिसतो. हे चारही निरुपद्रवी होत. परंतु केवळ दर्शन-स्पर्शनाने ते परस्परांपासून वेगळे करणे कठीण, आणि हिरडीचा कर्करोगही आरंभी असाच भासू शकतो. मिश्री वा तंबाखूचे व्यसन असलेल्या रुग्णात हा धोका दुर्लक्षिणे अक्षम्य ठरेल. फेनिटॉइन, ॲम्लोडिपिन यांसारख्या औषधांनीही हिरड्या वाढतात. म्हणून चालू औषधांची विचारपूस आवश्यकच.

आमचे स्पष्ट मत असे, की निदान होण्यापूर्वी हिरडीच्या गाठीस क्षार लावू नये. क्षाराने गाठ जळते, तसा पुरावाही जळतो. अधिमांसाच्या चिकित्सेतही सुश्रुतांनी आधी छेदन सांगितले आहे. वचा, पाठा, स्वर्जिका, यवक्षार आदींचे चूर्ण मधासह त्यानंतर येते. अर्बुद निःशेष काढावे, उरलेला अंश अग्नीच्या ठिणगीसारखा पुन्हा भडकतो, हा चिकित्सास्थानातील इशारा तर ऑसिफाइंग फायब्रोमाला तंतोतंत लागू पडतो. ही गाठ वरवर कापल्यास पुनरुद्भवते. म्हणून दंतशल्यविशारद ती अस्थ्यावरणापर्यंत काढतात व लगतच्या दातांवरील दंतशर्करा खरवडून टाकतात. त्रिफळा वा पटोल-निंब क्वाथाचे गंडूष व्रण भरताना साहाय्यक ठरावेत; ते छेदनाचा पर्याय नव्हेत.

नोव्हेंबर २०२० मध्ये शालाक्यतंत्राच्या पदव्युत्तरांसाठी शस्त्रकर्मांची सूची अधिसूचित झाली, तेव्हा आपण सर्वांनी अधिकाराचा आग्रह धरला. त्या अधिकारासोबत उत्तरदायित्वही येते. छेदिलेला प्रत्येक तुकडा, कितीही लहान असो, १० टक्के फॉर्मेलिनच्या बाटलीत घालून ऊतिपरीक्षणास गेलाच पाहिजे. ज्यांच्याकडे ही सोय नाही, त्यांनी रुग्णास दंतवैद्याकडे अथवा मुंबईच्या नायर दंत रुग्णालयासारख्या संस्थेकडे चिठ्ठी देऊन पाठवावे. पालघरहून मुंबईस जाण्यात रुग्णाचा दिवस मोडतो, हे आम्ही जाणतो. चुकीच्या निदानाने मात्र वर्षे मोडतात.

औषधविक्रेत्या बंधूंनाही विनंती : हिरडीच्या गाठीसाठी कोणी क्षार वा दंतमंजन मागितल्यास प्रथम तपासणीचा सल्ला द्यावा. दंतमंजनात तंबाखू वापरण्यास १९९२ पासून बंदी आहे, याचेही स्मरण ठेवावे.

गाठ निरुपद्रवी निघाली, तर रुग्णाच्या मनावरील कर्करोगाचे ओझे उतरते. तशी न निघाली, तर वेळ हाती राहतो. दोन्ही परींनी वैद्याचे कर्तव्यच पार पडते.