प्रत्येक पोळीला नवा तवा?

परवा मावशीने फोनवर विचारलं, "आवाज असा का रे? झोपला नाहीस का?" नव्हतो झोपलो. रात्रभर आमची एक सर्व्हिस पडत होती आणि सकाळच्या मीटिंगमध्ये खापर फुटलं ते टीममधल्या सगळ्यात नव्या पोराच्या डोक्यावर. म्हणून हे खरडतोय.

पोराचा गुन्हा काय? डॉटनेटमध्ये दुसऱ्या सर्व्हरला रिक्वेस्ट पाठवायला एचटीटीपीक्लायंट वापरतात. हा दर रिक्वेस्टला नवा क्लायंट बनवायचा आणि काम झालं की 'युझिंग'ने मोकळा करायचा. पण डिस्पोज करता येईल ते वेळीच डिस्पोज करा, हे घोकून कोणी घेतलं? आपणच की!

मावशीसाठी सांगतो. प्रत्येक पोळीला नवा तवा घ्यायचा, पोळी झाली की घासून ओट्यावर पालथा. वाळेपर्यंत जागा अडलेली. पाहुणे वाढले की ओटा फुल्ल! तसंच, क्लायंट मोकळा केला तरी त्याचं कनेक्शन 'टाइम वेट'मध्ये काही मिनिटं पोर्ट अडवून बसतं.

मग जाणकार म्हणतात, "एकच स्टॅटिक क्लायंट ठेव." कनेक्शनला वयोमर्यादा न घालता ठेवलात, तर डीएनएसमध्ये पत्ता बदलला तरी उघडं कनेक्शन जुन्या पत्त्यालाच चिकटून राहतं. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर.

माझं म्हणणं एवढंच, की हा निर्णय प्रत्येकाने प्रत्येक क्लासमध्ये का घ्यावा? २०१८ च्या एएसपी डॉटनेट कोअर २.१ पासून त्यासाठी फॅक्टरी आहे. प्रोग्रॅम सुरू होताना एकदाच नोंदणी करायची: मूळ पत्ता, टाइमआउट वगैरे. ज्याला लागेल त्याच्या कन्स्ट्रक्टरमध्ये तयार क्लायंट येतो. आतले हँडलर फॅक्टरी पुन्हा पुन्हा वापरते आणि आपण काही सांगितलं नाही तर २ मिनिटांनी बदलते. डिपेन्डन्सी इंजेक्शन म्हणजे "उगाच सोपस्कार" म्हणणाऱ्यांनी एक रात्र आमच्याकडे काढावी!

अर्थात हा काही ताईत नव्हे. तोच टाइप्ड क्लायंट सिंगलटनमध्ये कोंबलात तर तो जुना हँडलर धरून बसतो. पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

असो. दुपारी पोराने सगळं नोंदणीत हलवलं आणि म्हणाला, "सर, चूक माझीच होती."

नाही रे बाबा. तो कोड दोन सीनियरांनी तपासून पास केला होता. त्यातला एक मी. आणि सकाळच्या मीटिंगमध्ये मी गप्प बसलो होतो.