कंपनी तीच, लॅपटॉप वेगळा

जून उजाडला की आमच्या कशेळ्यात दोन गोष्टींची चौकशी सुरू होते. एक भाताच्या बियाण्याची आणि दुसरी लॅपटॉपची. बियाण्यातले मला काही कळत नाही, हे गावाला ठाऊक आहे. लॅपटॉपमधले कळते, असा मात्र एक समज पसरलेला आहे. त्याला आधार इतकाच, की मी बँकेत अधिकारी होतो आणि बँकेत संगणक होते. मुलगी बारावी झालेली असते, बी.सी.ए. किंवा इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालेला असतो, आणि बाप दुकानदाराने लिहून दिलेली चिठ्ठी घेऊन येतो. चिठ्ठीवर दोन आकडे असतात: ४४ हजार आणि सव्वा लाख. "साहेब, कंपनी दोघांची तीच आहे. आतली मेन चिप पण तीच म्हणाला. मग स्वस्तातला घेतला तर बिघडले कुठे?"

या 'कंपनी तीच' मध्ये आपल्या दोन पिढ्यांचा भाबडेपणा आहे आणि त्याला कारणही आहे. आपण किर्लोस्करांचा पंप, बजाजची स्कूटर आणि एचएमटीचे घड्याळ यांच्यावर वाढलो. छोटा पंप असो की मोठा, त्यावरच्या नावाचा अर्थ एकच होता. छोटा पंप पाणी कमी ओढे, पण लवकर मरत नसे. नाव म्हणजे हमी, हा हिशेब आपल्या रक्तात मुरला आहे. लॅपटॉपच्या धंद्यात तो चालत नाही. तिथे एकच कंपनी दोन घराणी चालवते. लेनोव्होचे आयडियापॅड आणि थिंकपॅड ही दोन्ही एकाच झाकणाखालची भावंडे वाटतात. प्रत्यक्षात थिंकपॅड १९९२ साली आयबीएमने जन्माला घातला, २००५ साली आयबीएमचा हा सगळा धंदाच लेनोव्होने विकत घेतला, आणि आयडियापॅड आला त्यानंतर, २००८ साली. एक दत्तक आलेला थोरला आणि एक घरचा धाकटा. त्यांना एका मापाने मोजण्याचे कारण फक्त आडनाव.

दुकानात दोन्ही यंत्रे शेजारी ठेवली तर फरक चटकन दिसत नाही. प्रोसेसरचा चकचकीत स्टिकर दोन्हीकडे तोच असू शकतो आणि विक्रेता बोट ठेवतो तेही त्या स्टिकरवरच. फरक असतो तो स्टिकर नसलेल्या जागी. स्वस्त यंत्राचा पडदा साधारण अडीचशे निट प्रखरतेचा असतो, महागाचा चारशेच्या आसपास किंवा वर. म्हणजे खिडकीपाशी बसले की स्वस्तातल्यात आपलाच चेहरा दिसतो. बॅटरी एकीकडे चाळीसएक वॅट-अवरची, दुसरीकडे पंचावन्न ते सत्तरची. स्वस्त यंत्राची बिजागरी बहुधा प्लॅस्टिकच्या खुंट्यांत स्क्रू पिळून बसवलेली असते. दोन वर्षे उघडझाप झाली की खुंटी तडकते आणि झाकण कवटीसकट उचलले जाते. (गल्लीतल्या कुठल्याही दुरुस्तीवाल्याला विचारा, त्याच्या टेबलावर अशी दोन तरी पडलेली असतात.) रॅम कित्येकदा मदरबोर्डवर कायमची सोल्डर केलेली असते, वाढवायची सोय नाही. हा शेवटचा रोग मात्र आता महाग, पातळ यंत्रांनाही जडला आहे. त्यामुळे महाग ते सगळे चांगले, असे कोणी समजू नये.

आता ही यंत्रे कोण वापरणार ते पाहू. सव्वा लाखाचा लॅपटॉप घेणारा गृहस्थ बहुधा वातानुकूलित कचेरीत बसतो. हाताशी प्लग, मागे जनरेटर, प्रवासाला मोटार. कशेळ्याची मुलगी सकाळी रिक्षाने किंवा एस.टी.ने कर्जत नाहीतर नेरळ गाठते, तिथून लोकलमध्ये उभ्याने कल्याण. पाठीवरच्या सॅकवर चारही बाजूंनी गर्दीचा दाब. कॉलेजात चाळीस मुलांत चार प्लग. संध्याकाळी घरी येते तेव्हा पावसाळ्यात वीज असेलच असे नाही, आणि पाऊस आमच्याकडे चार महिने अंगणात मुक्कामाला असतो. मग मजबूत झाकण, मोठी बॅटरी आणि उजेडात दिसणारा पडदा यांची गरज जास्त कोणाला? ज्याला गरज कमी त्याच्या यंत्रात या गोष्टी भरल्या जातात आणि ज्याला त्यांच्यावाचून अडते त्याच्या यंत्रातून त्या काढल्या जातात. माझा आक्षेप आहे तो इथे.

यावर उत्तर ठरलेले असते: पैसे कमी दिले की माल कमी मिळणारच. काही अंशी ते खरे आहे. ॲल्युमिनियमला प्लॅस्टिकपेक्षा पैसे जास्त पडतात, चांगला पडदा महाग असतो. २०२५च्या अखेरीपासून मेमरीचे भाव चढले, त्याला कोणी दुकानदार जबाबदार नाही. पण सगळी काटछाट खर्चापोटी होते हे मानायला मी तयार नाही, कारण व्यापाराचा इतिहास वेगळे सांगतो. फ्रान्समधले ज्यूल द्युप्युई नावाचे इंजिनिअर होते. त्यांनी १८४९ सालीच लिहून ठेवले की रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर नसते ते छपराचे पैसे वाचावेत म्हणून नव्हे. ज्याला दुसऱ्या वर्गाचे भाडे परवडते त्याने तिसऱ्यात बसू नये म्हणून. गरिबाला भिजवायचे ते श्रीमंताला घाबरवण्यासाठी. १९९० साली आयबीएमने एक स्वस्त लेझर प्रिंटर काढला. तो मिनिटाला पाच पाने छापी, महागडा दहा. यंत्र जवळपास तेच; स्वस्तातल्यात ते मुद्दाम थांबत थांबत चालावे अशी योजना केलेली. १९९६ साली दोन अर्थशास्त्रज्ञांनी अशा मालावर निबंध लिहिला आणि त्याला नाव दिले 'डॅमेज्ड गुड्स', म्हणजे हातांनी नासवलेला माल. आणि २००९ साली छोट्या स्वस्त लॅपटॉपसाठी विंडोज ७ची जी 'स्टार्टर' आवृत्ती आली, तिच्यात पडद्यामागचे चित्रसुद्धा बदलता येत नसे! चित्र बदलू देण्याने कोणाचा किती खर्च वाढणार होता?

बँकेतही आम्ही हे पाहिले आहे. २००५ साली रिझर्व्ह बँकेने बँकांना गरिबांसाठी 'नो फ्रिल्स' खाती काढायला सांगितली. नाव हिणकस वाटते म्हणून २०१२ साली ते बदलले. नावातली झालर गेली आणि महिन्याला चारच वेळा पैसे काढण्याची मर्यादा आली. महिन्यातून पाचव्यांदा शंभर रुपये काढायला येणारी बाई बँकेला बुडवते असे मला कधी वाटले नाही. असो.

उलट दाखला आपल्याच कोकणाने दिला आहे. राजापूरचे खासदार मधू दंडवते १९७७ ते ७९ या काळात रेल्वेमंत्री होते. तिसरा वर्ग हे नाव १९७४ सालीच गेले होते, पण दुसऱ्या वर्गातली लाकडी फळी कायम होती. दंडवत्यांनी त्या फळीवर दोन इंच फोम घातला. रेल्वे बुडाली नाही आणि पहिल्या वर्गाचे प्रवासीही पळून गेले नाहीत. इतकी वर्षे गरिबाची पाठ शेकत होती ती पैशांअभावी नव्हे, हे त्या दोन इंचांनी सिद्ध केले.

लॅपटॉपच्या बाबतीत असा फोम घालून पाहण्याचा प्रयोग झाला, आणि तो आमच्याच कर्जत तालुक्यात झाला, याची आठवण आता फारशी कोणाला नाही. अमेरिकेतल्या एमआयटीचे निकोलस निग्रोपोंटे यांनी २००५ साली दाव्होसला 'शंभर डॉलरचा लॅपटॉप' जाहीर केला. प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप, ही कल्पना. २००६ साली आपल्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने ती साफ नाकारली. तरीही २००७ साली भारतातली तिची पहिली चाचणी झाली ती खैराट धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेत. वीसबावीस मुले, आणि प्रत्येकापुढे हिरव्या-पांढऱ्या रंगाचे, सशाच्या कानासारख्या दोन अँटेना असलेले यंत्र.

त्या यंत्राचे नाव एक्सओ. शंभर डॉलरचे ते शेवटपर्यंत झाले नाही. २००७च्या अखेरीस किंमत १८८ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने साडेसात हजारांच्या आसपास होती. प्रोसेसर मामुली, मेमरी २५६ मेगाबाइट. पण त्याचा पडदा, जो मेरी लू जेप्सेन या तंत्रज्ञ बाईंनी घडवला, भर उन्हात वाचता येत असे. उन्हात तो कृष्णधवल होऊन उलट अधिक स्पष्ट दिसे. रबरी कीबोर्ड धूळपाणी आत जाऊ देत नसे. फिरणारा पंखा नाही, हार्ड डिस्क नाही, म्हणजे आपटून मोडण्यासारखे आत काही नाही. बॅटरी दोन हजार वेळा चार्ज होण्याच्या हिशेबाची. आणि मुठीच्या आत जादा स्क्रू ठेवलेले, की एखादा हरवला तर मुलांनीच बसवावा. याला म्हणतात गिऱ्हाईक डोळ्यांसमोर ठेवून केलेली स्वस्ताई. महाग यंत्र समोर घेऊन त्यातून एकेक गोष्ट वजा करत हे बनलेले नाही. ज्या मुलाच्या शाळेत वीज येते-जाते आणि वर्ग झाडाखाली भरतो, त्याला काय लागेल इथून सुरुवात केली होती.

आणि हे बनवले कोणी? तैवानच्या क्वांटा कंपनीने. ही क्वांटा त्याच वर्षांत ॲपलचे मॅकबुक प्रो जुळवत होती. खऱ्या अर्थाने 'कंपनी तीच' म्हणायचे तर ती ही. एकाच कारखानदाराने एक लाखाच्या घरातले यंत्र बनवले आणि एक साडेसात हजारांचे, आणि उन्हात वाचायचे झाले तर साडेसात हजारांचे सरस होते.

एक्सओचे गोडवे गाऊन थांबणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. ते हळू चालत असे. त्याचा टचपॅड उड्या मारी, रबरी कीबोर्ड पुढे फाटू लागे. पेरू देशात ही यंत्रे मोठ्या प्रमाणावर वाटली गेली आणि २०१२ साली इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेने त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा मुलांच्या गणितात आणि भाषेत फरक पडलेला आढळला नाही. यंत्र वाटले की शिक्षण होते, हा निग्रोपोंटे यांचा भ्रम होता. पण तो शिक्षणाविषयीचा भ्रम. स्वस्त यंत्र दणकट असू शकते, हे त्यांचे म्हणणे काही खोटे ठरले नाही. आपण मात्र भ्रमाबरोबर यंत्रातले शहाणपणही फेकून दिले.

आता बापाच्या चिठ्ठीकडे वळतो, कारण प्रवेशाची तारीख थांबत नाही. बँकेत यंत्राची किंमत आम्ही खरेदीवर मोजत नसू, ते किती वर्षे चालेल त्यावर मोजत असू. ४४ हजारांच्या यंत्राला दोन वर्षांनी बॅटरी आणि बिजागरीचे सहा हजार धरा, आणि ते तीन वर्षांत थकले असे धरा; वर्षाला पावणेसतरा हजारांच्या आसपास पडले. सव्वा लाखाचे सात वर्षे चालले तर वर्षाला अठरा हजारांच्या आत. म्हणजे स्वस्त यंत्र दिसते तितके स्वस्त नाही. पण सव्वा लाख एकरकमी आणायचे कोठून? हप्त्यावर घ्या म्हणणारे भेटतील. 'विनाव्याज हप्ता' हा शब्द ऐकला की प्रक्रिया शुल्क आणि सोडून दिलेली रोख सवलत दोन्ही विचारावीत. २०१३ साली रिझर्व्ह बँकेने शून्य टक्के व्याज या कल्पनेलाच हरकत घेतली होती, ती उगीच नव्हे.

मी सुचवतो तो तिसरा रस्ता. मोठ्या कचेऱ्या आपले लॅपटॉप तीन-चार वर्षांनी काढून टाकतात. ही महागड्या घराण्याची यंत्रे मुंबईत लॅमिंग्टन रोडवर तीस-पस्तीस हजारांच्या आसपास मिळतात. बिजागरी धातूची, कीबोर्डवर चहा सांडला तरी बहुधा निभावते, रॅम बहुतेकांत वाढवता येते. दोन पथ्ये पाळावीत. विंडोज १०चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो, म्हणून त्याच्या मागचे यंत्र फुकट मिळाले तरी विद्यार्थ्याने घेऊ नये. आणि पक्के बिल व निदान सहा महिन्यांची हमी लेखी घ्यावी; बॅटरी थकलेली असणार हे गृहीत धरून नवीचे पैसे बाजूला ठेवावेत. मुलीला जुने दिले म्हणून बापाला ओशाळे वाटते, हे मी पाहिले आहे. त्या भावनेवर माझ्याकडे इलाज नाही. पण सात हजार हातात उरतात आणि यंत्र तिच्या पदवीपर्यंत टिकण्याची शक्यता जास्त, एवढे मी सांगू शकतो.

नवेच घ्यायचे असेल तर प्रोसेसरचा स्टिकर सोडून चार प्रश्न विचारावेत: बॅटरी किती वॅट-अवरची, पडदा किती निटचा, रॅम वाढवता येते का, आणि सुटे भाग किती वर्षे मिळतील. गिऱ्हाइकाने असे विचारले की बहुतेक विक्रेते फोन काढून शोधू लागतात. त्यांचा दोष नाही, त्यांनाही कोणी सांगितलेले नसते. खोक्यावर हे छापलेलेच नसते.

ते छापायला लावणे सरकारला अशक्य नाही. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवर दहापैकी दुरुस्तीचे गुण दाखवणे बंधनकारक केले. यंत्र किती सहज उघडते, सुटे भाग किती दिवस आणि काय भावाने मिळतात, यावर ते गुण ठरतात. आपल्याकडे ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ साली 'दुरुस्तीचा हक्क' यासाठी समिती नेमली, त्याच डिसेंबरात पोर्टलही काढले. पण गुण लिहिलेले खोके अजून दुकानात आलेले नाही. पाकिटबंद मालावर कमाल किंमत छापणे २०११च्या वैधमापन नियमांनी सक्तीचे आहेच, आणि लॅपटॉपचे खोके बिस्किटाच्या पुड्यापेक्षा बरेच मोठे असते. किमतीच्या त्या ओळीखाली आणखी चार ओळींना जागा आहे.