गुणांसाठी वाचलेला ‘असूड’

वाचणारा माणूस अधिक उदार आणि अधिक सहृदय असतो, हा समज राजधानीतील सुशिक्षित मराठी वर्तुळात जवळजवळ श्रद्धेच्या पदाला पोहोचला आहे. २०१३ मध्ये त्याला विज्ञानाचाही टेकू मिळाला. साहित्यगुण असलेल्या कथेचा थोडा अंश वाचल्यानेही दुसऱ्याचे मन ओळखण्याची क्षमता वाढते, असा निष्कर्ष किड आणि कास्तानो या मानसशास्त्रज्ञांनी ‘सायन्स’ नियतकालिकात मांडला. २०१६ मध्ये इतर संशोधकांनी प्रयोगाची फेरतपासणी केली, तेव्हा तो परिणाम आढळला नाही. खरे तर इतिहासाने हे आधीच दाखवले होते. स्टालिन अट्टल वाचक होता, पुस्तकांच्या समासात टिपणे करणारा. १९३२-३३ मध्ये युक्रेनमध्ये लाखो शेतकरी उपासमारीने मेले, ते त्याच्याच राजवटीत.

तेव्हा किती वाचले यापेक्षा कशासाठी वाचले, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. याचे उदाहरण आपल्या घरातलेच आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत मराठी साहित्य हा ५०० गुणांचा वैकल्पिक विषय आहे. त्याच्या अभ्यासक्रमात जोतीराव फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ आहे, उद्धव शेळके यांचे ‘शिळान’ आहे, बाबुराव बागूल आणि प्र. ई. सोनकांबळेही आहेत. भावी अधिकाऱ्यांसाठी यापेक्षा नेमकी यादी कोणी केली असती, असे वाटत नाही. १८८३ मधला ‘असूड’ तर थेट प्रशासनावरच ओढलेला आहे: वरचा गोरा अधिकारी ऐषआरामात, खालचा कर्मचारी शेतकऱ्याला नाडणारा. उमेदवार मात्र त्यातून शैलीविशेष आणि समीक्षकांची मते टिपून घेतो. राजकीय मंडळींचे वाचन याहून वेगळे नाही. ज्याला ब्राह्मणशाहीवरचा हल्ला हवा, तो तेवढाच उचलतो. ज्याला शेतीमालाचे राजकारण करायचे, तो शेतकऱ्याचे दैन्य उचलतो. मत आधी ठरते, पुस्तक नंतर उघडले जाते.

शेळके यांच्याच ‘धग’ कादंबरीतील कौतिक कुष्ठरोगाने ग्रासलेल्या नवऱ्याचा संसार ओढते. अशी बाई आज अर्ज घेऊन आली, तर सरकारी टिपणीत ती ‘लाभार्थी’ या एका शब्दात मावते. कागदपत्रे अपुरी असतील, तर तेवढीही नाही. परिविक्षाधीन अधिकाऱ्याला पहिल्या नेमणुकीआधी ही कादंबरी वाचायला द्यावी आणि एकच टिपणी मागावी: कौतिकचा अर्ज आपण कोणत्या नियमाखाली फेटाळला असता?