शाप कुणाला, मार कुणाला?

भयपट म्हणजे निव्वळ करमणूक, त्यात स्त्रीचा प्रश्न आणू नये, असे आम्हांला सांगितले जाते. आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. मुली टीव्हीवर काय पाहून येतात, ते मधल्या सुट्टीत आमच्या कानांवर पडते. म्हणून हा सल्ला आम्हांला मान्य नाही.

रामसे बंधूंचा 'पुराना मंदिर' (1984) घ्या. सैतानाला शिक्षा देतो राजा, शाप लागतो घराण्याला आणि मरतात मात्र बाळंतिणी. 'राज' (2002) मध्ये परस्त्रीच्या नादी लागतो नवरा. जीव जातो त्या परस्त्रीचा, झोप उडते बायकोची. शेवटी प्रेत जाळले की नवरा वाचतो! 'भूत' (2003) मध्ये अत्याचारात मेलेली बाई दुसऱ्याच बाईच्या अंगात शिरते. अन्याय एकीवर, हाल दुसरीचे.

आता काळ बदलला, असे कुणी म्हणेल. 'बुलबुल' (2020) मधली बालवधू चुडैल होऊन जुलमी पुरुषांना शिक्षा देते. सिनेमा आम्हांलाही आवडला. पण तिच्या हाती बळ येते ते मेल्यावर. जिवंतपणी तिचे ऐकणारा एकही माणूस त्या हवेलीत नसावा?

हे सारे पडद्यापुरते राहत नाही. गेल्या वर्षी आमच्या वर्गातली एक मुलगी फीट येऊन पडली. शेजारणी म्हणाल्या, साया आहे. आठवडाभर आमिलाचे उंबरे झिजवले, तावीज बांधले, मिरचीची धुरी दिली. आम्ही घरी गेलो तेव्हा तिची अम्मी म्हणाली, "टीचर, पिक्चर में भी ऐसाच होता ना?" त्या माउलीला आम्ही काय दोष देणार? भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, साखळीने बांधणे, मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. सिनेमात मात्र खाटेला बांधलेली, किंचाळणारी बाई हाच सर्वांत रंगवलेला प्रसंग असतो आणि तिला बांधणारा तिचा तारणहार ठरतो.

सिनेमे बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. आम्ही वर्गात एवढेच विचारतो: चूक कुणाची होती आणि मार कुणी खाल्ला? मुली आधी हसतात, मग गप्प होतात.

ती मुलगी आता डॉक्टरांच्या गोळ्या घेते, रोज शाळेत येते. पण तिच्या बाकावर बसायला अजून कुणी तयार नाही.