आरोग्यसंवाद : हा सायनस सर्दीचा नव्हे

आपल्याकडे डोके दुखले की निदान घरातच होते. कपाळ दुखले तर सायनस, अर्धे डोके दुखले तर अर्धशिशी, मान आखडली तर ऑफिसचे टेन्शन. त्यावर बाम, आल्याचा चहा आणि पॅनाडोलच्या दोन गोळ्या. दम्मामच्या उन्हाळ्यात तर एसीला दोष देऊन मोकळे होता येते. बहुतेक वेळा हे घरगुती निदान चालूनही जाते. पण सायनस नावाशी जोडलेला आणखी एक आजार आहे. तो नाकातल्या, सर्दीच्या सायनसपेक्षा वेगळा आहे आणि त्यात बाम चोळत बसणे महागात पडते. या वेळी त्याच्याविषयी.

मेंदूला रक्त धमन्यांतून मिळते. वापरलेले रक्त परत हृदयाकडे नेण्यासाठी मेंदूच्या आवरणात रुंद वाहिन्या असतात. डॉक्टरी भाषेत त्यांनाही सायनसच म्हणतात. या वाहिन्यांत किंवा त्यांना मिळणाऱ्या शिरांत रक्ताची गुठळी झाली, की त्या आजाराला 'सेरेब्रल व्हेनस थ्रॉम्बोसिस' म्हणतात. चाळीतली मोरी तुंबल्यावर काय होते ते आठवा. नळ चालूच असतो आणि पाणी चढत जाते. इथे तर कवटी म्हणजे बंद पेटी. आतला दाब वाढतो, मेंदूला सूज येते, कधी रक्तस्रावही होतो. थोडक्यात, हा पक्षाघाताचाच एक प्रकार, फक्त धमनीऐवजी शिरेतला.

फ्रान्समधील रिब या डॉक्टरांनी १८२५ मध्ये या आजाराचे वर्णन केले. तो दुर्मीळ आहे. नेदरलँड्समधील २०१२ च्या एका पाहणीत दहा लाख प्रौढांमागे वर्षाला सुमारे १३ रुग्ण आढळले. मग त्यासाठी एवढी शाई कशाला, असे कुणी म्हणेल. कारण हा म्हातारपणाचा आजार नाही. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटने ४२८ रुग्णांची नोंद २०१२ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांचे सरासरी वय होते ३१ च्या आसपास, आणि निम्म्याहून थोडे अधिक पुरुष होते. म्हणजे आपल्या मंडळाच्या यादीतली निम्मी मंडळी त्याच वयाच्या आगेमागे!

त्याच वर्षी, डिसेंबर २०१२ मध्ये, अमेरिकेच्या तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन यांना हाच आजार झाला. पोट बिघडून अंगातले पाणी कमी झाले, चक्कर येऊन त्या पडल्या, डोक्याला मार लागला. पुढच्या तपासणीत उजव्या कानामागच्या वाहिनीत गुठळी सापडली. रक्त पातळ करणाऱ्या औषधांनी त्या बऱ्या झाल्या.

आता भगिनींसाठी महत्त्वाचे. घरी गौरी-गणपती असतात, सत्यनारायण असतो, सुट्टीत अष्टविनायकाचे ठरलेले असते. आपल्यातल्या रत्नागिरी-रायगडकडच्या कुटुंबांचे उमऱ्याला जायचे असते. आणि तारीख नेमकी तीच येते. मग मैत्रीण सांगते, "अगं, ती गोळी घे, काही होत नाही." पाळी पुढे ढकलण्याच्या त्या गोळीत नॉरएथिस्टेरॉन हे संप्रेरक असते. त्याचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि इस्ट्रोजेनमुळे रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांचेही तेच. असंख्य स्त्रिया या गोळ्या घेतात आणि बहुतेकींना खरोखरच काही होत नाही. पण पूर्वी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली असेल, आईला किंवा बहिणीला झाली असेल, नुकतेच बाळंतपण झाले असेल, वजन फार असेल किंवा अर्धशिशीच्या आधी डोळ्यांपुढे नागमोडी रेषा येत असतील, तर मैत्रिणीच्या सल्ल्यावर ही गोळी घेऊ नये. डॉक्टरांना विचारावे. आणि नंतर डोके दुखून दवाखान्यात गेलात, तर "मी ही गोळी घेतली होती" हे न विचारताही सांगावे. पूजेची गोळी म्हणजे औषध नव्हे असे वाटून बायका नेमके तेच सांगायचे विसरतात, किंवा संकोचतात.

दुसरी गोष्ट बाळंतिणीची. प्रसूतीनंतरचे सहा आठवडे रक्त जास्त गोठते. ती निसर्गाचीच सोय, रक्तस्राव थांबावा म्हणून. त्यात गावाहून आलेली आई किंवा सासूबाई मायेपोटी पाणी मोजून देतात, "पोट सुटेल, बाळाला सर्दी होईल" म्हणून. डिंकाचे लाडू, शेक, मालिश सगळे आनंदाने करावे, पाणी मात्र तोडू नये. अंगावर पाजणाऱ्या बाईला ते जास्तच लागते. सिझेरियननंतर डोके दुखले की "पाठीतल्या भुलीचे असेल" म्हणून सोडून देतात. भुलीची डोकेदुखी बहुधा उठून बसल्यावर वाढते आणि आडवे झाल्यावर कमी होते. आडवे झाल्यावर वाढत असेल तर वेगळा विचार हवा.

पुरुषांनीही निर्धास्त राहू नये. उन्हातल्या साइटवरचे काम, जुलाब-उलट्या, उपवासात पाणीही न घेणे यांनी रक्त दाट होते. रक्तक्षय, जुनाट फुटलेला कान, जन्मजात गोठण्याची प्रवृत्ती ही आणखी कारणे. बऱ्याचदा एकापेक्षा जास्त कारणे जुळून येतात.

ओळखायचे कसे? २१ देशांतील ६२४ रुग्णांच्या २००४ च्या अभ्यासात दहांपैकी जवळजवळ नऊ जणांना डोकेदुखी होती. ती सहसा दिवसागणिक वाढत जाते. आडवे झाल्यावर, खोकताना, पहाटे जास्त होते. नेहमीच्या गोळीला दाद देत नाही. क्वचित एकदम वीज कडाडल्यासारखी सुरू होते. सोबत उलट्या, अंधूक किंवा दोन-दोन दिसणे, एका बाजूची शक्ती जाणे, बोबडी वळणे, फिट किंवा गुंगी यांपैकी काहीही असेल तर सकाळची वाट पाहू नका.

तपासणीबाबत एक गोष्ट लक्षात ठेवावी. साधा सीटी स्कॅन यात पुष्कळदा नॉर्मल येतो. शिरांचे चित्र दाखवणारी तपासणी, म्हणजे एमआर किंवा सीटी व्हेनोग्राफी, करावी लागते. "शिरांची तपासणी हवी का?" असे डॉक्टरांना नम्रपणे विचारण्यात काही गैर नाही.

उपचार उत्तम आहेत. मुख्य औषध हेपॅरिन. मेंदूत थोडा रक्तस्राव असतानाही ते देतात, हे ऐकून नातेवाईक घाबरतात. पण १९९१ मध्ये जर्मनीतील वीस रुग्णांच्या चाचणीत हेपॅरिन घेतलेल्या दहांपैकी आठ जण पूर्ण बरे झाले, एकही दगावला नाही. औषध न मिळालेल्या दहांपैकी तिघे गेले. पुढे बंगलोरच्या निम्हान्सने बाळंतिणींवरही त्याची चाचणी घेतली. त्यानंतर तीन ते बारा महिने वॉरफरिनसारखी गोळी. ती मनाने बंद करू नये, वॉरफरिन असेल तर रक्ताची तपासणी चुकवू नये. दाब फारच वाढला तर शस्त्रक्रिया करतात. त्या ६२४ रुग्णांपैकी शंभरात सुमारे ७९ जण पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण बरे झाले.

तेव्हा मंडळी, अशी लक्षणे दिसली तर विमा कुठल्या इस्पितळाचा आहे याचा घोळ न घालता जवळच्या 'तवारी'त, म्हणजे इमर्जन्सीत जावे किंवा रेड क्रेसेंटच्या ९९७ वर फोन करावा. आणि "सुट्टीला मुंबईला गेल्यावर दाखवू" हे वाक्य डोकेदुखीच्या बाबतीत तरी कुणी उच्चारू नये.

पुढच्या अंकात भेटूच. तोवर पाणी भरपूर प्या, आणि बाळंतिणीलाही पिऊ द्या.